वऱ्हाडातील माणसांची नावे : अर्थ आणि उगम

देवळाचा जीर्णोद्धार निघाला की गावात दोन गोष्टींची जमवाजमव सुरू होते. एक दगडाची आणि दुसरी नावांची. वर्गणीची वही घरोघर फिरते, कोणी एक पायरी देतो, कोणी कळसाला हातभार लावतो, कोणी सिमेंटची पोती टाकतो, तर कोणाजवळ काहीच नसले तर तो आठ दिवस अंगमेहनत करतो. काम पुरे झाले की ही सारी नावे फरशीवर, भिंतीवर आणि स्मरणिकेच्या पानांवर येतात. जो तो आधी आपले नाव शोधतो, ते बरोबर छापले आहे ना ते पाहतो आणि मगच पुढचे पान उलटतो. यात गैर काहीच नाही. नाव हे माणसाचे पहिले धन होय. ते त्याने मिळविलेले नसते, दुसऱ्यांनी त्याला दिलेले असते, आणि तो गेल्यावरही ते गावात राहते.

परंतु ही नावे आली कोठून? महादेव, अंबादास, गुलाबराव, दगडू, रखुमाबाई, धुरपताबाई ही नावे एकाच यादीत शेजारी शेजारी बसलेली दिसतात, तेव्हा त्यांच्यामागे किती काळ उभा आहे याची सहसा कल्पना येत नाही. देवळाचा दगड शंभर-दोनशे वर्षांचा असेल. यादीतली काही नावे मात्र हजार-दीड हजार वर्षे या मातीत वावरत आहेत. त्यांचा थोडा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल.

ताम्रपटावरील यादी

वऱ्हाडच्या भूमीवर माणसांच्या नावांची जी जुनी यादी उपलब्ध आहे ती अचलपूरजवळच्या चम्मक या गावी सापडली. हा वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट असून तो इसवी सनाच्या ५व्या शतकातील आहे. भोजकट राज्यातील मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव, म्हणजे आजचे चम्मक, एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे. हजारांपैकी सुमारे पन्नासांची नावे ताम्रपटावर कोरलेली आहेत. रुद्रार्य, सोमार्य, देवार्य, महेश्वरार्य, मातृशर्मा, नागशर्मा अशी ही नावे आहेत.

ही नावे नीट पाहिली तर ती परकी वाटत नाहीत. रुद्र, सोम, महेश्वर ही शंकराची नावे. आजचा महादेव, शंकर, सोमाजी त्यांचेच वारस होत. नागशर्म्यातला नाग आजच्या नागोरावात आहे आणि शेषरावातही आहे. मातृशर्म्यातली माता आजच्या अंबादासात आहे. शेवटी लावलेला 'आर्य' हा आदराचा शब्द असून आज जे काम 'जी' आणि 'राव' करतात तेच काम तो त्या काळी करीत होता. म्हणजे दीड हजार वर्षांत नावाचा वरचा पेहराव बदलला, आतला देव फारसा बदलला नाही.

मात्र त्या ताम्रपटात एक उणीवही आहे. दान घेणाऱ्यांची नावे तांब्यावर आली. त्या गावची जमीन जे नांगरत होते, ज्यांच्या घामावर ते दान उभे होते, त्यांची नावे कोणी कोरली नाहीत. ती माणसे होती, त्यांनाही कोणी हाक मारीत होते. ती हाक मात्र वाऱ्यावर गेली. यादीत कोणाचे नाव येते आणि कोणाचे राहते हा प्रश्न वऱ्हाडात तेव्हापासूनचा आहे.

याच वाकाटक घराण्यातील राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे मिळाला. ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची पत्नी. पतीच्या मृत्यूनंतर मुले लहान असता तिने राज्यकारभार पाहिला. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की सासरी आल्यावरही तिच्या नावातले 'गुप्ता' गेले नाही, आणि आपल्या ताम्रपटांत ती गोत्रही माहेरचे, म्हणजे धारण हेच सांगते. या राणीची आठवण पुढे पुन्हा येणार आहे.

विदर्भकन्यांची नावे

पुराणांचा विचार केला तर या प्रांताने साऱ्या देशाला मुलींची नावे पुरविली असे म्हणावयास हरकत नाही. अगस्त्य ऋषींची पत्नी लोपामुद्रा ही विदर्भराजाची कन्या. नळराजाची दमयंती विदर्भाची. रघुवंशातील अज राजाची इंदुमती विदर्भाची. आणि या सर्वांत लोकांच्या जिव्हाळ्याची म्हणजे रुक्मिणी. वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे तिचे माहेर समजले जाते. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने तिचे हरण केले अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आषाढी वारीला कौंडण्यपूरची पालखी पंढरपुरास जाते, ती लेकीला भेटावयास जाणाऱ्या माहेराची पालखी म्हणून.

त्यामुळे रुक्मिणी हे नाव वऱ्हाडात पोथीतले राहिलेच नाही. ते रखुमा झाले, रुखमा झाले, रुखमीन झाले. द्रौपदीची धुरपता झाली, भागीरथीची भागरता झाली, पार्वतीची पारबती झाली. पुरुषांतही कृष्णाचा किसन, विष्णूचा इस्नू, ज्ञानदेवाचा ग्यानबा झाला. शिकलेल्या माणसाला ही रूपे अशुद्ध वाटतात. खरे पाहता नदीतला गोटा जसा पाण्याने घासून गुळगुळीत होतो तशी ही नावे शेकडो वर्षे लोकांच्या जिभेवर घासली गेली आहेत. धुरपता हे नाव ज्या माउलीचे आहे तिच्या घरी व्यासांचे महाभारत पोथीवाचून पोचले होते, हाच त्याचा अर्थ होय.

रिद्धपूर आणि कारंजे

रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. येथील गोविंदप्रभू यांना लोक गुंडम राऊळ म्हणत. १३व्या शतकात भडोचकडून आलेल्या हरिपाळ नावाच्या पुरुषाला त्यांनीच 'चक्रधर' हे नाव दिले असे पंथाचे ग्रंथ सांगतात. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात त्या काळची कितीतरी साधी माणसे आपापल्या नावांनिशी भेटतात. नागदेव, केशिराज, दामोदर हे पुरुष, तर महदाइसा, आबाइसा, उमाइसा, आउसा या स्त्रिया. स्त्रियांच्या नावांमागचा 'सा' हा आदराचा आहे. त्या काळी पंथातल्या बाईला नुसते 'महदी' म्हणून कोणी हाक मारीत नव्हते हे त्यावरून दिसते. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचा मान आहे ती महदंबा म्हणजे हीच महदाइसा.

कारंजे लाड हे गाव १९९८पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, आता वाशीम जिल्ह्यात आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म येथला. गुरुचरित्राप्रमाणे त्यांचे जन्मनाव शालग्रामदेव, आणि घरात हाक मारण्याचे नाव नरहरी. जन्मनाव वेगळे आणि चालते नाव वेगळे ही रीत शास्त्रातही आहे. धर्मशास्त्राने मुलाला चार नावे सांगितली आहेत : कुलदेवतेवरून देवतानाम, जन्ममहिन्यावरून मासनाम, नक्षत्रावरून नाक्षत्रनाम आणि लोकांत वावरण्यासाठी व्यावहारिक नाम. पहिली तीन पत्रिकेत राहतात. चौथे बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात सांगते, पाळण्याभोवती जमलेल्या बायका ते ऐकतात आणि तेच जन्मभर चिकटते.

जवळचा देव, जवळचा संत

व्यवहाराचे नाव ठेवताना माणूस फार लांब जात नाही. तो आपल्या शिवेजवळचा देव पाहतो. अमरावतीकडे अंबादेवीमुळे अंबादास, अंबाबाई. मोर्शीकडे सालबर्डीच्या यात्रेला जाणाऱ्यांच्या घरी महादेव आणि शंकर. चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची मोठी यात्रा भरते, तो बहिरम म्हणजे भैरवच. मारुतीचे देऊळ नाही असे गाव शोधून सापडणार नाही, आणि ज्याचे नाव मारोती नाही असा वाडाही क्वचितच.

वारकरी पंथाने तर नावांचे कोठारच उघडून दिले. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम, मुक्ता, जना ही नावे कोणत्याही जातीच्या घराला वर्ज्य राहिली नाहीत. निवृत्ती म्हणजे संसारापासून परतणे, सोपान म्हणजे पायरी, पुंडलीक हे पुंडरीकाचे, म्हणजे पांढऱ्या कमळाचे रूप. सखाराम म्हणजे राम ज्याचा सखा आहे असा. शेतात डवरणी करणाऱ्या माणसाचे नाव सोपान असते तेव्हा त्याच्या आईबापांनी त्याला ज्ञानेश्वरांच्या धाकट्या भावाशी नेऊन बसविलेले असते.

२३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावी गजानन महाराज प्रगट झाले. त्यांचे मूळ नाव-गाव कोणास ठाऊक नव्हते. मुखी अखंड 'गण गण' असा जप चाले, त्यावरून लोकांनीच त्यांना गजानन म्हटले असे सांगतात. त्यांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. गणपतीचे हे नाव पूर्वीही होतेच, परंतु त्यानंतर वऱ्हाडातल्या घराघरांत जे गजानन झाले ते शेगावचे. गावातल्या गजानन नावाच्या माणसांची वये मोजली तर श्रद्धेचा इतिहास मोजल्यासारखे होईल.

गुलाब, पंजाब आणि अजाबराव

१४९० साली अचलपूरकडे इमादशाही राज्य उभे राहिले. पुढे निजामशाही, मोगल आणि हैदराबादचा निजाम यांचे अंमल आले, आणि १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षे दप्तराची भाषा प्रामुख्याने फारसी होती. भाषा कचेरीतून निघाली ती थेट पाळण्यापर्यंत पोचली. दौलत, हिंमत, खुशाल, साहेबराव, जवाहर, फकिरा ही सारी नावे अरबी-फारसी शब्दांची आहेत. खुशाल म्हणजे ज्याचा हाल, म्हणजे स्थिती, खुश आहे तो. वऱ्हाडात हमखास आढळणारे अजाबराव हे नावही 'अजब' शब्दाचे आहे. पुष्कळ वाट पाहून झालेल्या मुलाला अवचित म्हणत, तसाच हा अजाब.

गुलाब आणि पंजाब या दोन नावांचे मूळ पाहण्यासारखे आहे. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात गुलाबपाणी. पंज म्हणजे पाच, म्हणून पंजाब म्हणजे पाच नद्यांचे पाणी. पूर्णेच्या खाऱ्या पाणपट्ट्यात गोड पाण्यासाठी कोस कोस चालणाऱ्या लोकांनी आपल्या मुलांना गोड पाण्याची नावे द्यावीत हा योगायोग खरा, पण मनाला भिडणारा आहे.

या दोन नावांचे दोन थोर पुरुष वऱ्हाडाने पाहिले. माधानचे गुलाबराव महाराज, जन्म ६ जुलै १८८१. नवव्या महिन्यात त्यांची दृष्टी गेली. तरीही वेदान्तावर व भक्तिशास्त्रावर त्यांनी अफाट ग्रंथरचना केली, आणि ३४ वर्षांच्या आयुष्यात ते प्रज्ञाचक्षू म्हणून मान्यता पावले. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत. संस्कृत शास्त्रांत बुडालेल्या या पुरुषाचे नाव फारसी होते, आणि त्यात कोणालाही काही विसंगत वाटले नाही. दुसरे पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख, जन्म २७ डिसेंबर १८९८. १९३२ साली त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

ही देवघेव केवळ भाषेची नव्हती, श्रद्धेचीही होती. मालोजीराजे भोसल्यांनी आपल्या पुत्रांची शहाजी व शरीफजी ही नावे नगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून ठेवली अशी परंपरा आहे. त्याच शहाजीराजांची पत्नी जिजाऊ वऱ्हाडातल्या सिंदखेड राजाची. उलट बाजूने मुसलमान घरांतही चांद, लाल, बाबू, भिकन अशी इथल्या बोलीतली नावे रुळली. नवस हिंदूने पीराला करावा आणि ताबूत गावाने मिळून उठवावेत, अशा गावांत नावांनीही शिवेची फार पर्वा केली नाही.

भयापोटी ठेवलेली नावे

आता यादीतल्या त्या नावांकडे वळावयाचे, जी वाचताना नव्या पिढीला हसू येते. दगडू, धोंडू, कचरू, केरू, उकंडा, शेणफड, भिका, नथ्थू. आईबापांना चांगली नावे सुचत नव्हती म्हणून ही ठेवली असे कोणी समजू नये. देवी, पटकी, प्लेग, मानमोडी आणि १८९९-१९००च्या छपन्नच्या दुष्काळासारखे दुष्काळ, यांत पाळणे रिकामे होत. एकामागून एक दोन-तीन लेकरे गेली की पुढच्याला मृत्यूच्या नजरेतून लपवावयाचे असे. मग त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलावयाचे आणि नाव ठेवावयाचे उकंडा. शेजारणीच्या पदरात टाकून सूपभर धान्य देऊन परत घ्यावयाचे. भिक्षा मागून पहिले अंगडे शिवावयाचे आणि नाव ठेवावयाचे भिका. मुलगा असून नाक टोचावयाचे म्हणून नथ्थू. दगडाला मरण नाही, केराला कोणी दृष्ट लावीत नाही, हा त्यामागचा भाव.

म्हणून यादीत जेथे दगडू किंवा कचरू हे नाव दिसेल तेथे थोडे थांबावे. त्या नावाआधी त्या घरातली दोन-तीन अशी नावे असतील जी कोणत्याच यादीत आली नाहीत. हे नाव तुच्छतेचे नसून एका आईच्या धास्तीचे आहे.

ही रीत एका जातीची नव्हती. भारतरत्न महर्षी कर्वे यांचेही नाव धोंडो केशव हेच होते. परंतु येथेच एक गोम आहे, आणि ती झाकून चालणार नाही.

एकच नाव, दोन हाका

धोंडू हे नाव एका घरी धोंडोपंत झाले, दुसऱ्या घरी धोंडीबा झाले आणि तिसऱ्या घरी, गावाच्या कडेला, जन्मभर धोंड्याच राहिले. नाव तेच, अर्थ तोच, फरक शेपटाचा. मनुस्मृतीने तर नियमच घातला होता की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंदाव्यंजक. लोकांनी तो नियम पोथीतून वाचलेला नव्हता, पण हाकेतून पाळला. चार कोस चालून रात्री निरोप पोचविणारा, गावाची राखण करणारा, मेलेले जनावर ओढणारा माणूस साठीचा झाला तरी दहा वर्षांचे पोर त्याला 'अरे म्हाद्या' म्हणत असे. त्याचे पूर्ण नाव महादेव आहे, म्हणजे देवळात ज्याच्यापुढे आपण हात जोडतो तेच, हे त्या हाकेत कोणाच्या ध्यानी येत नव्हते. आणि ज्या देवळात ते नाव पुजले जाई त्या देवळाची पायरी त्याला बंद होती.

घरातल्या लाडाच्या 'म्हाद्या'त आणि वेशीवरच्या 'म्हाद्या'त काय अंतर आहे हे वऱ्हाडी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पहिल्यात माया आहे. दुसरा ऐकणाऱ्याला रोज त्याची जागा दाखवीत असे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर वऱ्हाडातल्या हजारो घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही नावे आली. कचरू आणि धोंडीच्या नातवंडांनी ही नावे धारण केली ती हौस म्हणून नव्हे. हाक मारणाऱ्याला आता ती पूर्ण उच्चारावी लागतील, हा त्यातला निर्धार होता. शाळेत हजेरीपट आल्यामुळेही पुष्कळ बदल झाला. मास्तरांनी कागदावर किसनचे कृष्णराव केले आणि हजेरी घेताना सर्व मुलांची नावे एकाच सुरात वाचली. गावात सर्वांना पूर्ण नावाने हाक मिळण्याची ती बहुधा पहिलीच जागा असावी.

गाडगे आणि तुकडा

नावाचे मोठेपण अर्थात नाही, हे वऱ्हाडच्या दोन संतांनी जसे दाखविले तसे कोणी दाखविले नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी झिंगराजी व सखुबाई यांच्या पोटी जन्मलेल्या मुलाचे नाव डेबूजी. घर सोडल्यावर त्यांनी अंगावर चिंध्या घेतल्या, हातात खराटा घेतला आणि खाण्यापिण्यासाठी फुटके गाडगे जवळ ठेवले. कोणी त्यांना चिंधेबुवा म्हणे, कोणी गोधडेबुवा. अखेर गाडगेबाबा हे नाव कायम झाले. गाडगे म्हणजे गरिबाच्या चुलीवरचे मातीचे भांडे. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले, आणि आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्या गाडग्याचे नाव आहे.

दुसरे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. ३० एप्रिल १९०९ रोजी यावली येथे बंडोजी इंगळे यांच्या घरी जन्मलेल्या या मुलाचे पाळण्यातले नाव माणिक, म्हणजे रत्न. वरखेडचे गुरू आडकोजी महाराज यांनी त्यांना नाव दिले तुकड्या. रत्नाचा तुकडा झाला. लौकिक दृष्टीने ही घसरण, परंतु त्याच नावाने त्यांनी खेड्याखेड्यांत खंजिरी वाजवून प्रार्थना, सफाई आणि ग्रामसेवा पोचविली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला ते निवर्तले.

गाडगे, चिंधी, तुकडा या घरातल्या सर्वांत हलक्या वस्तू. दगडू आणि कचरू याच कुळातले. ज्या समाजाने अशा नावांना हसावे त्याच समाजाने या नावांपुढे माथा टेकला. तेव्हा नाव हलके की भारी हे ठेवणाऱ्याच्या हाती नसते. ते काही अंशी धारण करणाऱ्याच्या आणि पुष्कळसे हाक मारणाऱ्याच्या हाती असते.

बाईचे नाव

सर्वांत अधिक पुसली गेलेली नावे स्त्रियांची आहेत. जुन्या कागदांत पुरुषाच्या नावापुढे 'वल्द' लिहून बापाचे नाव येई. बाईच्या नावापुढे 'जौजे' लिहून नवऱ्याचे, आणि तो गेला असल्यास 'बेवा'. म्हणजे कागदावर ती कोणाची तरी होती. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि सोळा-सतरा वर्षे ज्या नावाने आईने हाक मारली ते एका दुपारी संपे. पुढे मूल झाले की ती अमक्याची माय झाली, म्हातारपणी अमक्याची आजी. माहेरचे नाव ठाऊक असलेली माणसे एकेक करून गेली की ते नावही तिच्याआधी मरण पावे.

काही मुलींना तर नाव म्हणून नकारच मिळाला. पश्चिम महाराष्ट्रात नको असताना झालेल्या मुलीला नकुशी म्हणत. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेऊन पावणेतीनशेवर मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. दगडूचे नाव मूल जगावे म्हणून ठेवलेले, तर नकुशीचे नाव पुन्हा मुलगी होऊ नये म्हणून ठेवलेले. या दोहोंतला फरक ओळखणे अगत्याचे आहे.

काळ मात्र पालटतो आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव सरकारी कागदपत्रांत लिहिताना आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. रिद्धपूरच्या ताम्रपटातली प्रभावतीगुप्ता आपले माहेर सांगत होती त्याला आता दीड हजार वर्षे झाली. तेवढ्या काळानंतर वऱ्हाडातल्या लेकराच्या नावात त्याच्या आईचे नाव कायद्याने येऊन बसले आहे.

जीर्णोद्धार नावांचाही

आजकाल बारशाला नाव शोधावयाचे ते राशीच्या अक्षरावरून, आणि शक्यतो दोन-तीन अक्षरांचे. अमरावतीत, पुण्यात आणि दिल्लीत एकच नाव चालते. त्यात वाईट काही नाही. प्रत्येक पिढीला आपली नावे ठेवण्याचा हक्क आहे, आणि उकंडा हे नाव आज कोणी ठेवीत नाही ही तर आनंदाचीच गोष्ट, कारण लेकरे आता जगतात. तथापि जुने नाव टाकताना त्यामागची हकीकत टाकू नये. घरात म्हातारे माणूस असेल तोवर त्याला विचारून घ्यावे की आजोबांचे नाव अवचित का ठेवले, आजीचे माहेरचे नाव काय होते, पणजोबांच्या पाठीवर किती भावंडे झाली. वर्गणीच्या जुन्या वह्या, लग्नाच्या याद्या, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर यांतून ही नावे अजून सापडतात. वाळवीने ती खाल्ली तर ती मागून मिळणार नाहीत.

पंढरपुरी नामदेवांनी समाधीसाठी पायरीची जागा घेतली, भक्तांच्या चरणांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून. देवळाच्या पायरीवर ज्यांची नावे कोरली जातात त्यांनी हा भाव मनी ठेवला म्हणजे नावाचा अभिमान आपोआप निवळतो. मात्र ज्यांनी यादी तयार करावयाची त्यांच्यावर निराळी जबाबदारी आहे. चम्मकच्या ताम्रपटाने जे केले नाही ते गावाच्या यादीने करावे. लाख रुपये देणारा आणि आठ दिवस माती वाहणारा, दोघांची नावे पूर्ण लिहावीत आणि दोघांपुढे सारखाच 'श्री' लावावा. बाईने दिलेले दान तिच्या स्वतःच्या नावावर मांडावे, 'सौ.' आणि 'श्रीमती' यांच्या आड तिला झाकू नये. आणि देवळाच्या ओट्यावर कोणास हाक मारावयाची वेळ आली तर ती तोडून मारू नये. महादेवाला महादेवभाऊ म्हणावे, धुरपताला धुरपताबाई. एवढे झाले तर देवळाबरोबर गावाच्या बोलण्याचाही जीर्णोद्धार झाला असे खुशाल समजावे.